शिट्टीबाईंची किक

शिट्टीबाईंनी मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून सगळी नोकरी काढली. हे नाव त्यांना मुलींनीच दिलं आणि ते असं चिकटलं की पुढे मुख्याध्यापिकाही चुकून तोंडावर शिट्टीबाई म्हणून जायच्या. अंगाने त्या काटक, उंचीने बेताच्या, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आळस देणारी मुलगीही ताठ उभी राहावी. निवृत्त झाल्यावर मैदान सुटलं, पण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला.

घरात त्यांचे यजमान होते. छापखान्यात यंत्र चालवून तेही निवृत्त झालेले. त्यांना सगळे धडधडे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती, आणि ती खोडून काढण्याचा कंटाळा येऊन त्यांनी तो नाद सोडून दिला होता.

धडधड्यांना गाड्यांचं वेड आहे असं लोक म्हणत. शिट्टीबाईंना लग्नानंतर लवकरच कळलं की वेड गाड्यांचं नाही, इंजिनांचं आहे. गाडीचा रंग उडालेला असो, सीट फाटलेली असो, त्यांना त्याचं काही नसे. ते शेजारी उकिडवे बसत, डोळे मिटत आणि ऐकत. पहिलं इंजिन मोपेडचं, मुठीएवढं. चढ लागला की दोघांतल्या एकाला उतरावं लागे आणि ती पाळी नेहमी शिट्टीबाईंची. बहुतेक वेळा त्याच आधी वर पोचत. मग दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आलं. त्याचा धूर असा की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला काढावे लागत. लेक झाली तेव्हा छोटी मोटार आली. तिचं इंजिन चालू आहे की बंद हेच कळत नसे, म्हणून धडधड्यांना ती फिकी वाटायची. शिट्टीबाईंना तेवढी एकच आवडली होती.

ही सगळी आली तशी गेली. राहिलं ते एकच: साडेतीनशे सीसीचं, एकाच सिलिंडरचं, बिडाचं जुनं इंजिन, आणि ते ज्या मोटरसायकलमध्ये बसवलेलं होतं ती काळी, जडशीळ मोटरसायकल. तिचा ठोका इतका संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाने एक शब्द बोलून घ्यावा. धडधडे तिला रोज सकाळी पुसत. आजारी पडले तरी आधी तिची चौकशी करत. शिट्टीबाई तिला सवत म्हणत, आणि चेष्टेत म्हणत असल्या तरी त्यात थोडं खरंही होतं.

मग धडधड्यांचा उजवा गुडघा गेला. जन्मभर किका मारून गेला असं बाईंचं मत, छापखान्यात उभं राहून गेला असं त्यांचं. डॉक्टरांनी कोणाचीच बाजू घेतली नाही, गुडघा बदलून टाकला. घरी पाठवताना मात्र त्यांनी बजावलं, "चाला, जिने चढा, कोणाच्या मागे बसून हिंडा. पण किक मारायची नाही. आणि ती जड गाडी पायावर तोलायची नाही."

"किती दिवस?" धडधड्यांनी विचारलं.

"दिवस नाहीत, काका. आता कायमचंच."

त्या एका वाक्याने माणूस गप्प झाला. गुडघा छान बरा होत होता, व्यायाम बाई स्वतः करून घेत होत्या, चुकवायची सोयच नव्हती. पण जेवताना धडधडे शेजारी असून नसल्यासारखे. सकाळी ओसरीत जाऊन ते मोटरसायकल पुसायचे, मग किकवर हात ठेवून हळूच दाबायचे. आतला पिस्टन दाब धरतोय एवढं हाताला कळलं की सोडून द्यायचे आणि आत येऊन पेपर उघडायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

त्यांचा जुना दोस्त पान्हाभाऊ कोपऱ्यावर गॅरेज चालवायचा. त्याने सुचवलं, "सेल्फ बसवू या. बटण दाबलं की चालू."

"त्यासाठी काय करावं लागेल?"

"इंजिनाचं बाहेरचं कवच, केसिंग, थोडं कापावं लागेल."

"माझा एक गुडघा कापला तेवढं पुरे," धडधडे म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला.

फोनवर लेकीचं एकच पालुपद. "बाबा, विकून टाका. समोर दिसत राहते म्हणून त्रास होतो." सुरुवातीला धडधडे फोन बाईंकडे देऊन टाकायचे. एक दिवस म्हणाले, "बघ कोणी असेल तर." लेकीने लगेच एक गिऱ्हाईक शोधलं.

गिऱ्हाईक रविवारी सकाळी आलं. चांगला, हसतमुख माणूस. नवीन कॉफीचं दुकान काढत होता. त्याने मोटरसायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला, लांब उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं. धडधडे खुर्चीत बसून होते. शिट्टीबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"चालू करून बघणार का?" धडधड्यांनी विचारलं. "मला किक मारता येत नाही, पण पान्हाभाऊला बोलावतो. ऐकून तर बघा."

"नाही, त्याची गरज नाही काका," तो म्हणाला. "भिंतीवर लावायची आहे. उलट इंजिन काढून टाकलं तर बरंच, वजन कमी होईल. नुसता सांगाडा पुरे मला."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. धडधडे खाली बघत होते. त्यांचा हात नव्या गुडघ्यावर होता. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुमच्या सोयीने या टेम्पो घेऊन."

"थांबा," शिट्टीबाई म्हणाल्या. मैदानावरचा आवाज लागला. चहाचा कप तोंडाशी नेलेला तो माणूस तसाच थबकला. "गाडी विकायची नाही."

"अगं, मीच सांगितलं होतं लेकीला."

"मग आता मी सांगते. चहा घ्या तुम्ही, निवांत घ्या. भिंतीवर लावायला दुसरं काहीतरी बघा."

तो माणूस गेल्यावर धडधडे म्हणाले, "कशाला थांबवलंस? चालवणार कोण?"

खरं तर बाईंना त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. सवतीचा पुळका आला असंही नव्हतं. पण आयुष्यभर ज्याला हा माणूस कान लावून बसला, ते उपटून फेकायचं आणि वरचं टरफल मिरवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या म्हणाल्या, "किक मी मारीन."

धडधडे गुडघा बदलल्यापासून पहिल्यांदा हसले. त्या हसण्याने बाईंचा निश्चय पक्का झाला.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीत शिकवणी सुरू झाली. बाईंनी शाळेच्या मैदानावरचे आपले पांढरे बूट बाहेर काढले. धडधडे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकू लागले. आधी पेट्रोल उघड. आता किक सावकाश दाब, जिथे पाय अडेल तिथे थांब. आता डाव्या हाताची ती छोटी दांडी ओढ, म्हणजे आतला दाब सुटेल. किक अजून जराशी खाली ने. दांडी सोड. किक वर येऊ दे. आणि आता मार.

बाईंनी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. इंजिनाने एक सुस्कारा टाकला.

"जोर कमी पडतोय," धडधडे म्हणाले.

"जोराचं नाव काढू नका. लांब उडीत काय जोर लागतो?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अंगाचं वजन योग्य क्षणी टाकायचं असतं. क्षण सापडत नाहीये, तो सापडेल."

त्यांनी स्वतःला तसंच शिकवायला घेतलं, जसं मुलींना शिकवायच्या. डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा गुडघा वाकवायचा, कंबर उचलायची, आणि मग पायाने न मारता सगळं अंग खाली सोडायचं. शेजारीपाजारी गच्चीवरून बघत. कोणी म्हणालं, या वयात हे काय नसतं खूळ. बाईंच्या कानापर्यंत ते पोचलं. त्या म्हणाल्या, "वय किकला कळत नाही."

आणि एका सकाळी ते इंजिन चालू झालं. धक्, धक्, धक्. धडधडे उठून उभे राहिले. बाईंच्या अंगावर काटा आला, कारण पायाखालून वर येणारा तो ठोका त्यांना छातीत जाणवत होता. इतकी वर्षं मागे बसून तो असा कधी जाणवला नव्हता.

पण सुख फार टिकलं नाही. पुढच्याच वेळी किक उलटी आली. खाली जाणारा दांडा आतून कोणीतरी लाथ मारावी तसा वर उसळला आणि बाईंच्या घोट्यावर बसला. घोटा सुजला. लेक फोनवर रडकुंडीला आली. "एक गुडघा झाला, आता आईचा पाय. तुमच्या दोघांपुढे हात टेकले मी."

सूज उतरल्यावर बाई पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा किक उलटी आली. या वेळी त्यांनी पाय वेळेवर काढून घेतला होता. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "चूक माझ्या पायाची नाही. मी सगळं नीट केलं. तुमच्या इंजिनात काहीतरी आहे."

"इंजिनात काही नाही," धडधडे म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

बाईंनी पान्हाभाऊला बोलावलं. त्याने बाजूचं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग धडधड्यांकडे पाहिलं. "वहिनी, याचं टायमिंग पुढे आहे. ठिणगी लवकर पडते. पिस्टन वर पोचायच्या आत भडका होतो, मग तो किकला उलटा ढकलतो. मी याला कितीदा सांगितलं, हा ऐकत नाही."

"का?"

"ओढ वाढते गाडीची. आणि याचा पाय असा होता की उलटी आलेली किकही दाबून धरायचा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

धडधडे खुर्चीत सावरून बसले. "ते टायमिंग मी स्वतः लावलंय. कानाने. इतक्या वर्षांत कोणाला हात लावू दिला नाही. ते बदललं की आवाज बदलेल. इंजिन माझं आहे."

"आणि पाय माझा आहे," शिट्टीबाई म्हणाल्या.

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. भाजी आणायची आहे हे सांगायलाही शेजारणीच्या मुलीला मध्ये घालावं लागायचं. पान्हाभाऊ दोनदा डोकावून गेला आणि हवा बघून परत फिरला. बाईंना नवऱ्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. ज्याच्यासाठी पाय सुजवून घेतला, त्याला आवाजाची काळजी. त्यांनी पांढरे बूट धुवून वाळवले आणि कपाटात ठेवून दिले.

मग एका सकाळी बाई अंघोळ करून बाहेर आल्या तर ओसरीत धडधडे एका छोट्या स्टुलावर बसलेले. नवा गुडघा सरळ पुढे पसरलेला, हातात बारका स्क्रू-ड्रायव्हर, बाजूचं झाकण उघडं. शेजारी पान्हाभाऊ नुसता उभा होता, हात मागे बांधून.

"टायमिंग मागे घेतलंय," धडधडे मान वर न करता म्हणाले. "बघ मारून."

बाई आत गेल्या, बूट घालून आल्या. किक दाबली, अडली. दांडी ओढली, सोडली. अंग वर उचललं आणि खाली सोडलं. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. उलटा धक्का नाही, काही नाही. ठोका आधीपेक्षाही संथ होता आणि एकसारखा होता. तिघेही ऐकत राहिले.

"मंद झालंय जरा," धडधडे म्हणाले.

"वाईट वाजतंय?"

"वाईट म्हटलं का मी?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "घोटा दुखतोय का अजून?"

"नाही."

तेवढ्यावर समेट झाला. त्यांच्या घरात माफी यापेक्षा लांब कधी मागितली गेली नव्हती.

किक जमली, आता चालवायचा प्रश्न. बाईंनी शाळेत जायला कित्येक वर्षं स्कूटर चालवली होती, रस्त्याची भीती नव्हती. पण या गाडीचं सगळंच उलटं: गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मुख्याध्यापिका आता त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. तिने सुट्टीच्या दिवशी मैदान मोकळं करून दिलं. तिथे बाई गोल गोल फिरल्या. एकदा ब्रेक समजून गिअर दाबला आणि फुटबॉलच्या गोलपोस्टमध्ये नीट मधोमध शिरून जाळीत थांबल्या. खिडकीतून बघणारी मुख्याध्यापिका खाली बसून पोट धरून हसली. बाईंनी जाळीतून बाहेर येत धूळ झटकली आणि म्हणाल्या, "गोल मोजा."

इंजिनवेड्यांचा वर्षाचा मेळावा जवळ आला होता. ही मंडळी दर रविवारी पान्हाभाऊच्या गॅरेजपुढे बसून, आपण आजवर बाळगलेल्या इंजिनांपैकी सगळ्यात सरस कोणतं यावर तावातावाने भांडायची. वर्षातून एकदा मात्र प्रत्येकाने आपलं आवडतं इंजिन चालवत डोंगरावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीपाशी न्यायचं असा नेम होता. टेम्पोत घालून आणलेलं चालत नसे. धडधडे एकही वर्ष चुकले नव्हते.

त्या दिवशी शिट्टीबाई पुढे बसल्या आणि धडधडे मागे. मागे बसायची त्यांना सवय नव्हती. "क्लच सोड. आता गिअर. वळण येतंय. खड्डा बघ."

"अहो," बाई मान न वळवता म्हणाल्या, "मी तुमच्या मागे बसून कधी बोलले?"

"रोज बोलायचीस."

"मग आता कळलं ना कसं वाटतं ते."

डोंगराचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. शेवटच्या वळणाआधीचा चढ सगळ्यात उभा. तिथे पुढे चाललेली एक लांब नाकाची मोठी मोटार अचानक थांबली. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. सहा सिलिंडरचं इंजिन, मालकाचा जीव की प्राण, पण चढाने त्याचं पाणी उकळलं होतं. बाईंनी ब्रेक दाबला, योग्य पायाने दाबला, पण क्लच धरायला उशीर झाला. इंजिन बंद पडलं.

मागे गाड्यांची रांग लागली. लोक उतरून आले. धडधडे खाली उतरले, रस्त्याकडेचा एक मोठा दगड त्यांनी मागच्या चाकाखाली सरकवला. मोटारीचा मालक पुढे आला. "वहिनी, उतरा, मी मारतो किक. तापलेलं इंजिन आहे, चढ आहे."

आणखी दोघे पुढे आले. बाईंनी धडधड्यांकडे पाहिलं. त्यांनी सगळ्यांना हाताने मागे सारलं. "तिला जागा द्या," ते म्हणाले. "इंजिन तिच्या पायाला ओळखतं."

बाईंनी डावा ब्रेक दाबून धरला. किक मारली. नुसता सुस्कारा. कोणीतरी मागे काही पुटपुटलं. धडधडे जवळ आले आणि हलक्या आवाजात, एरवी कधी बोलत नसत तशा मऊ आवाजात म्हणाले, "तापलंय. पेट्रोल जास्त झालंय. रेसची मूठ जराशी उघडी ठेव. घाई नको."

बाईंनी मूठ किंचित पिळली. पाय अडेपर्यंत किक दाबली. दांडी ओढली, सोडली. मैदानावर उडी मारायच्या आधी मुलींना सांगायच्या तसा एक खोल श्वास घेतला. मग उचललेलं सगळं अंग सोडून दिलं.

धक्, धक्, धक्.

डोंगरावर तो ठोका घुमला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोटारीच्या मालकाने स्वतः बाजूला होऊन वाट करून दिली आणि चाकाखालचा दगडही त्यानेच काढला. धडधडे मागे बसले. बाईंनी क्लच हळूहळू सोडला आणि ते जुनं बिडाचं इंजिन दोघांना घेऊन, एकही ठोका न चुकवता, शेवटचं वळण चढून गेलं. मागून कोणी सूचना दिली नाही.

टाकीपाशी सगळी मंडळी गोलात बसली. प्रत्येकाने आपल्या आवडत्या इंजिनाबद्दल बोलायचं अशी रीत होती. ट्रकवाल्याने आपल्या डिझेलचं कौतुक केलं. वाफ काढणाऱ्या मोटारीच्या मालकाने उशिरा पोचून, सगळ्यांचं हसणं सहन करून, तरीही आपलंच इंजिन श्रेष्ठ असं ठासून सांगितलं. पान्हाभाऊ स्वतःच्या जुन्या टू-स्ट्रोकबद्दल बोलताना हळवा झाला. धडधड्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मी दरवर्षी बोलतो. या वर्षी हिला विचारा."

शिट्टीबाई उभ्या राहिल्या. आवाज लावायची गरज पडली नाही, सगळे गप्प झालेच होते.

"यांची सगळी इंजिनं माझ्या घरात राहून गेली," त्या म्हणाल्या. "कोणतं चांगलं, कोणतं वाईट, ते तुम्ही ठरवा. बाकीच्यांवर मी नुसती बसले. हे एक मी चालू केलंय. त्यामुळे माझं आवडतं हेच."

परत निघताना ऊन कलायला लागलं होतं. धडधडे मोटरसायकलपाशी रेंगाळले, हँडलवर हात ठेवला. "आता नुसता उतार आहे," ते म्हणाले. "किक तू मार, खाली मी नेतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांनी उताराबद्दल काही सांगितलं नाही."

बाईंनी त्यांचा हात हँडलवरून अलगद काढला आणि पाय टाकून पुढे बसल्या. "बसा मागे," त्या म्हणाल्या. "आणि नीट धरा. उतारावर मी जरा जोरात नेणार आहे."